माझी दुसरी खिडकी मुकी नाही

मित्रांनो, मी एक जुना माउथ ऑर्गन आहे, आणि ज्या दोषासाठी मला भंगारात काढलं होतं तो दोष माझ्यात कधीच नव्हता. हे पहिल्याच दमात सांगून टाकतो, कारण माझी बाजू ऐकून घ्यायला तेव्हा कोणी थांबलं नव्हतं. आत्मवृत्त सांगणारी इतर मंडळी, म्हणजे मोडकी छत्री, फुटकी पाटी, गंजलेली सायकल, बहुतेक रडून मोकळी होतात. मला रडायचं नाही. मला भांडायचं आहे.

आधी माझं अंग समजून घ्या. मी तुमच्या तळहाताएवढा. मधे लाकडाची एक फणी, तिच्या वर आणि खाली पितळेची एकेक पट्टी, आणि त्यांवर चकचकीत पत्र्याची दोन झाकणं. पुढून पाहिलंत तर दहा चौकोनी भोकं दिसतील. लोक भोकं म्हणतात, मी खिडक्या म्हणतो. आपल्या घराबद्दल आपणच चांगलं बोलावं लागतं. प्रत्येक खिडकीत दोन पितळी पत्त्या असतात. एक फुंकल्यावर थरथरते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. म्हणजे खिडक्या दहा आणि सूर वीस. बासरीला नुसती फुंकर पुरते. मला फुंकरही लागते आणि आत घेतलेला श्वासही लागतो. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा तंटा इथूनच सुरू होतो.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक बाई बसत. सगळे त्यांना सूरबाई म्हणत. हातात बारीक कानस. पत्तीचं टोक खरवडलं की सूर चढतो आणि मुळाशी खरवडलं की उतरतो. त्या खरवडत, ऐकत, मान हलवत आणि पुन्हा खरवडत. माझ्या दुसऱ्या खिडकीतली ओढायची पत्ती त्यांनी तीन वेळा खरवडली आणि तीन वेळा ऐकली. मग मला पुसून डबीत ठेवताना म्हणाल्या, "जा बाबा. आता तुला कोणी नावं ठेवणार नाही." बाईंचा कान खरा होता, भविष्य मात्र साफ खोटं निघालं.

तिथून मी एका वाद्यांच्या दुकानात आलो. दुकान कोपऱ्यावर होतं, आत शिरायला दोन पायऱ्या, समोर लाकडी काउंटर आणि मागे काचेचं कपाट. वरच्या कप्प्यात माझे थोरले भाऊ बसलेले: वीतभर लांब, खिडक्यांच्या दोन-दोन रांगा, निळ्या मखमलीच्या पेटीत आडवे पसरलेले. आम्ही दहा खिडक्यांचे धाकटे खालच्या कप्प्यात, साध्या पुठ्ठ्याच्या डब्यांत.

पहिलं वाद्य घ्यायला आलेला माणूस ओळखायला मला कधी वेळ लागला नाही. तो आधी चमक बघतो, मग लांबी बघतो, आणि मग बोट थेट वरच्या कप्प्याकडे जातं. बडा घर पोकळ वासा असं मी म्हणणार नाही. ते माझे भाऊच आहेत आणि सरावलेल्या ओठांत ते फार सुंदर वाजतात. पण ज्याला अजून एका खिडकीवर नीट तोंड ठेवता येत नाही, त्याने दोन रांगांशी झुंज घ्यावी कशाला? चालता येईना आणि म्हणे शर्यतीत धावतो. पण सांगणार कोण? दुकानदार काका भले होते, कोणाला फसवत नसत, मात्र गिऱ्हाइकाचं बोट जिकडे, तिकडे त्यांचा हात.

काकांचा एक नियम होता: दुकानात कोणी वाद्याला तोंड लावायचं नाही. ना गिऱ्हाइकाने, ना त्यांनी स्वतः. नियम स्वच्छतेचा होता आणि मला मान्य होता. कोणाच्या तोंडात काय आणि कोणाच्या काय. म्हणून वाद्य तपासायला काउंटरवर एक भाता होता. लाकडी खोका, त्याला एक फट, फटीवर आम्हाला ठेवायचं आणि पायाने खालची फळी दाबायची. हवा यायची, आम्ही वाजायचो, काका म्हणायचे, "बघा, टकाटक आहे." आणि गिऱ्हाईक खूश.

पण मित्रांनो, तो भाता फक्त हवा ढकलायचा. ओढायचा नाही. माझे वीसपैकी दहा सूर त्या दुकानात कधी कोणी ऐकलेच नाहीत.

मला पहिल्यांदा नेलं ते एका दातांच्या डॉक्टरांनी. चौथ्या दिवशी परत. "दुसरं भोक ओढलं की नुसतं घसघसतं. मुकं आहे ते," म्हणाले. आता ही दुसरी खिडकी काय भानगड आहे ते ऐका. आमच्या सगळ्यांच्याच बाबतीत ती नवशिक्यांना दमवते. ती पत्ती लांब असते, तिला घाई चालत नाही. ओठ आवळून, दात घट्ट मिटून जोरात ओढलं की ती गुदमरते आणि गप्प बसते. जबडा सैल सोडायचा, घसा मोकळा ठेवायचा आणि हळूच श्वास घ्यायचा, बस्स. दिवसभर दुसऱ्यांना "आ करा, अजून मोठा आ करा" म्हणणाऱ्या माणसाला स्वतःचं तोंड उघडता आलं नाही, आणि मुका कोण? तर मी. नाचता येईना अंगण वाकडं.

काकांनी मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, भात्यावर ठेवून वाजवलं, कपाळाला आठी घातली आणि परत कप्प्यात ठेवलं. दुसऱ्यांदा मला एका नळदुरुस्तीवाल्याने नेलं. दोन दिवसांनी तोही हजर. तोच खटला, तीच खिडकी. वर शहाणपण असं, की "आत काहीतरी अडकलंय, माझ्या धंद्यात मला कळतं ते." उचलली जीभ लावली टाळ्याला! काकांनी या वेळी भाताही लावला नाही. त्यांनी माझ्या डबीवर लाल कागदाचा तुकडा चिकटवला, त्यावर 'सदोष' लिहिलं आणि मला काउंटरखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं.

त्या डब्यात माझ्यासारखे अजून आठ जण होते. आम्ही सगळे मागच्या खोलीतल्या दुरुस्तीवाल्यासाठी राखलेले. त्याच्याकडे कोणाचं जुनं वाद्य आलं आणि त्याची पत्ती तुटलेली असली, की तो डब्यातला एक उचलायचा, झाकणं काढायचा, हवी ती पत्ती उपटायचा आणि उरलेलं सांगाड्यासारखं खोक्यात भिरकावायचा. माझ्या शेजारचा एक मी आल्याच्या आठवड्यातच गेला. त्याच्यावरही लाल कागद होता. त्याच्यात खरंच दोष होता का, हे मला आजही माहीत नाही, आणि मला वाटतं कोणालाच माहीत नव्हतं.

एका दुपारी क्रेनवाली दुकानात आली. अंगात पिवळं जाकीट, काखेत हेल्मेट, वय पन्नाशीच्या पुढे. बंदरात जहाजांवरून माल उतरवणारी उंच क्रेन ती चालवायची. बंदरात तिला कोणी नावाने हाक मारत नसे, तोंडावर मावशी आणि एरवी क्रेनवालीच म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं.

"मला माउथ ऑर्गन घ्यायचाय. पहिलाच आहे," ती म्हणाली.

"नातवाला द्यायला का?" काकांनी विचारलं.

"मला वाजवायला. का, चालत नाही?"

"चालतं की, न चालायला काय झालं," म्हणत काकांनी सवयीने वरच्या कप्प्यातली मखमली पेटी काढली. तिने थोरल्या भावाला उलटसुलट करून पाहिलं.

"ह्या दोन रांगा कशाला?"

"त्याने आवाज थरथरतो. गोड लागतो."

"अहो, मला अजून सरळ सूर काढता येत नाही, थरथरता काय करायचाय? आणि माझ्या खिशात हा मावायचा नाही. खरं सांगा, नवशिक्याने कुठला घ्यावा?"

काकांनी पेटी मिटली. "खरं सांगू? दहा भोकांचा, सी पट्टीचा. शिकवायची पुस्तकं बहुतेक त्याच पट्टीची असतात."

"मग आधी हा का काढलात?"

"लोक हाच मागतात हो."

मी डब्यातून ऐकत होतो आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण हात नाहीत. काकांनी एक नवाकोरा दहा खिडक्यांचा काढला आणि भात्यावर ठेवून एकेक सूर वाजवला. "बघा, टकाटक."

तिने मात्र वाद्याकडे पाहिलंच नाही. ती वाकून भात्याची फळी बघत होती. "हा हवा ढकलतो. ओढतो कधी?"

"ओढत नाही."

"मग ओढायचे सूर कोण तपासतं?"

काकांनी फळीवरून पाय काढला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

"आमच्याकडे सकाळी क्रेन हातात घेतली की हुक खाली सोडून बघतात आणि वर घेऊनही बघतात," ती म्हणाली. "नुसता खाली जातोय म्हणून कोणी सही करत नाही. आणि ह्या डब्यात काय आहे?"

"ते सदोष आहेत. सुटे भाग काढायला ठेवलेत."

डबा उघडाच होता आणि सगळ्यात वर मी होतो. तिने मला उचललं. "ह्याला काय झालंय?"

"दुसरं भोक ओढल्यावर मुकं आहे."

"तुम्ही ऐकलंत?"

"दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं."

"तुम्ही ऐकलंत का, ते विचारतेय मी."

"मी कशाला तोंड लावू? आमच्याकडे नियम आहे."

तिने मला मुठीत धरलं. "मग हाच द्या. नवाही अर्धाच तपासलेला आणि हाही अर्धाच. फरक एवढाच की ह्याच्यावर ठपका आहे आणि तो कोणी पडताळलेला नाही. मला असल्या ठपक्यांचा फार राग येतो."

काकांनी परोपरीने समजावलं, पण बाई हटेना. शेवटी ते म्हणाले, "न्या. पण आठच दिवस. दुरुस्तीवाल्याचं एक काम अडलंय, त्याला ह्याच्या पत्त्या हव्यात. आठव्या दिवसापर्यंत वाजला नाही तर परत आणा. तुम्हाला नवा देतो, ह्याला तो उघडेल."

आठ दिवस. आठ दिवसांत ती खिडकी गायली नाही, तर माझाही सांगाडा खोक्यात जाणार होता.

घरी तिची मोठी बहीण होती. दोघी एकत्र राहत. ताई निवृत्त झालेली संगीत शिक्षिका, आणि घरात सुरांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "अगं, हे काय नवीन? तुझं आणि सुरांचं कधी जमलंय का?" त्या वाक्याला जुना इतिहास होता, तो मला क्रेनवालीच्या पुटपुटण्यातून हळूहळू कळला. शाळेत असताना समूहगायनात ताई पुढे उभी राहायची आणि ही मागच्या रांगेत. एकदा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताईने हिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव." तेव्हापासून चाळीसेक वर्षं ही बाई कोणासमोर गुणगुणलीसुद्धा नव्हती. ज्या रागाने तिने मला डब्यातून उचललं, तो राग कुठला होता ते मला तेव्हा उमगलं.

पण राग असला म्हणून सूर येत नाही. पहिल्या दिवशी तिने फुंकलं ते ठीक वाजलं. दुसरी खिडकी ओढली आणि घस्स. दुसऱ्या दिवशी घस्स. तिसऱ्या दिवशी तिने अशी ताकद लावली की पेट्रोलच्या टाकीतून नळीने तेल ओढतेय असं वाटावं. माझी पत्ती आतल्या आत आवळून बसली. चौथ्या दिवशी तिने ओठांचा चंबू आणखी बारीक केला आणि मी आणखी गुदमरलो. खरं सांगतो, मला तिचाही राग आला. अगं बाई, जबडा सोड! असं ओरडावंसं वाटत होतं. पण वाद्याची हीच तर अडचण आहे. आमची बाजू मांडायलाही श्वास दुसऱ्याचा लागतो.

पाचव्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि मला समोर धरून म्हणाली, "दोष तुझा नाही बहुतेक. माझाच असणार." पलीकडच्या खोलीतून ताई म्हणाली, "देऊन ये गं परत. का जिवाला लावून घेतेस?" ताईच्या आवाजात माया होती, हे मी नाकारत नाही. पण मायेने दिलेला ठपकासुद्धा ठपकाच असतो. क्रेनवालीने मला डबीत बंद केलं. सहाव्या दिवशी तिने मला वाजवलंच नाही, आणि तो दिवस मला सगळ्यात जड गेला.

सातव्या दिवशी मी तिच्या वरच्या खिशातून क्रेनवर गेलो. शंभरावर पायऱ्यांची उभी शिडी चढून वर एक काचेची केबिन, दोन्ही हातांशी दांडे, पायाखालीही काच. खाली खूणवाला उभा असायचा, हाताने आणि वॉकीटॉकीवरून 'वर', 'खाली', 'हळू' सांगणारा. दुपारी डबा खाऊन झाला, पुढचा ट्रेलर यायला उशीर होता. तिने दांड्यांना खटके लावले, मला काढलं आणि खिन्नपणे तोंडाला लावलं. तेवढ्यात जेवणानंतरची एक दणदणीत जांभई तिला आली.

मी तोंडातच होतो. तिचा जबडा खाली गेला, घसा मोकळा झाला, जीभ खाली बसली आणि श्वास सावकाश आत वळला. आणि मित्रांनो, माझी दुसरी खिडकी गायली. गोल, भरलेला, स्वच्छ सूर. सूरबाईंच्या टेबलानंतर पहिल्यांदाच.

तिने दचकून मला तोंडापासून लांब धरलं. तिचं कोपर वॉकीटॉकीच्या बटणावर टेकलं होतं, त्यामुळे सूर खाली पोचला होता. खालून आवाज आला, "मावशी, वर काय वाजलं? मस्त वाजलं हो."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं की. परत वाजवा ना."

तिने घाईघाईने ओढलं. घस्स. पुन्हा ओढलं. घस्स. मग ती थांबली आणि तिने खाली लोंबणाऱ्या हुकाकडे पाहिलं. दोर सैल असताना झटका मारला की ओझं हेलकावतं. आधी ढील हळूच काढून घ्यायची आणि मग उचलायचं. नव्या लोकांना हे तीच शिकवायची. "ढील काढ आधी," ती स्वतःशीच म्हणाली. जबडा सोडला, खांदे सोडले आणि श्वास आत येऊ दिला. सूर आला. पुन्हा आला. दहा वेळा आला. मग तिला एक गंमत सापडली: तिसरी खिडकी फुंकल्यावर जो सूर येतो, अगदी तोच सूर दुसरी खिडकी ओढल्यावर येतो. ती एकदा फुंकायची, एकदा ओढायची, आणि दोन्ही सूर एकमेकांवर बरोब्बर बसायचे. तिला सूर कळत होता! बेसूर ठरवलेल्या त्या बाईचा कान खणखणीत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती मोठ्याने हसली, आणि खालून खूणवाला विचारत राहिला की मावशी, ट्रेलर आला, घेताय ना?

आठव्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. दुरुस्तीवाला मागच्या खोलीतून बाहेरच आला होता. काउंटरवर त्याने फडकं पसरलं होतं आणि त्यावर बारीक स्क्रू ड्रायव्हर ठेवला होता. माणूस वाईट नव्हता. मोजकं बोलणारा, कामात चोख. त्याने हात पुढे केला. "द्या इकडे."

"थांबा. आधी भात्यावर ह्याचं तिसरं भोक वाजवा," क्रेनवाली काकांना म्हणाली.

काकांनी वाजवलं. सूर दुकानात घुमला. तिने मला उचललं, काका "नियम... नियम" म्हणेपर्यंत तोंडाला लावलं आणि दुसरी खिडकी आत घेतली. तोच सूर. काकांनी मला पुन्हा भात्यावर ठेवलं, फळी दाबली. तिने पुन्हा घेतलं. तोच, तसूभरही फरक नाही.

"एवढा मोठा सूर? किती जोरात ओढलात?" काका म्हणाले.

"ओढलाच नाही. नुसता आत येऊ दिला."

दुरुस्तीवाल्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. क्रेनवालीने पत्र्याचा डबा काउंटरवर घ्यायला लावला आणि काकांकडे स्पिरिटचा बोळा मागितला. नियमवाले काका मुकाट्याने एकेक वाद्य पुसून देत गेले. डब्यात सात जण उरले होते. पहिला गायला. दुसरा गायला. तिसरा खरोखर बिघडलेला होता. चौथा, पाचवा, सहावा गायले. सातवाही गायला. सातांतले सहा धडधाकट, आणि प्रत्येकावर लाल कागद.

"तुम्ही बघून लाल चिकटवता असं मी समजत होतो," दुरुस्तीवाला म्हणाला.

"आणि मला वाटायचं, तू बघून उघडतोस," काका म्हणाले.

दुरुस्तीवाला आत गेला आणि त्याचं ते खोकं घेऊन आला. उघडलेल्या, उपटलेल्या, रिकाम्या फण्यांनी ते काठोकाठ भरलेलं होतं. त्याने ते स्टुलावर ठेवलं, आत पाहिलं आणि म्हणाला, "ह्यातला एकही मी तोंडाला लावला नव्हता."

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या खोक्यात माझा डब्यातला शेजारी होता, आणि चोर कोण होता हे न बघता किती संन्यासी फाशी गेले, ते आता मोजताही येणार नव्हतं. मला रडायचं नाही असं सुरुवातीला म्हणालो होतो. त्या एका दुपारपुरतं ते मागे घेतो.

पुढच्या महिन्यात दुरुस्तीवाल्याने भाता उघडून त्याला दुसरी झडप बसवली. आता तो ढकलतोही आणि ओढतोही. काकांनी काउंटरवर पाटी लावली: 'पहिलाच घेताय? दहा भोकांचा पाहा. दुसरं भोक वाजलं नाही तर परत आणण्याआधी जांभई द्या.' लोक हसतात, पण वाद्य परत आणणारे जवळजवळ थांबले आहेत.

मी क्रेनवालीच्या खिशात बारा वर्षं राहिलो. जहाजांची वाट बघताना ती वाजवायची आणि खालचे लोक वॉकीटॉकीवरून फर्माईश करायचे. घरीही ती वाजवायची, आता दार लावून न घेता. एका सकाळी ताई तिच्या समोर येऊन बसली, सबंध गाणं ऐकलं आणि खाली मान घालून म्हणाली, "तेव्हा मी तुला नुसते ओठ हलवायला सांगितलं. चुकलंच माझं."

"चुकलंच," क्रेनवाली म्हणाली. "आता पुढचं कडवं ऐक." आणि पुढच्या कडव्याला ताई हळूच गाऊ लागली.

माझीही हयगय झालीच, नाही असं नाही. कधी बिस्किटाचा चुरा माझ्या खिडक्यांत गेला, कधी मी ओलाच डबीत बंद झालो आणि माझं लाकूड फुगलं. म्हणून तुम्हाला सांगतो: वाजवण्याआधी चूळ भरा, वाजवून झाल्यावर मला तळहातावर आपटून ओल काढा, आणि वारा लागू द्या. मला कोणाला उधार देऊ नका. आणि पहिलं वाद्य घ्यायला जाल तेव्हा चमक बघू नका, तुमच्या श्वासाला काय झेपतं ते बघा.

आता मी म्हातारा झालो आहे. मागच्या महिन्यात माझ्या पाचव्या खिडकीतल्या ओढायच्या पत्तीला बारीक चीर गेली. क्रेनवालीने मला दुकानात नेलं. दुरुस्तीवाल्याने आता चष्मा लावलाय. त्याने मला भात्यावर फुंकून पाहिलं, ओढून पाहिलं. मग हात धुऊन, मला पुसून तोंडाला लावलं आणि जबडा सोडून सावकाश श्वास आत घेतला. एकदा ऐकलं. खात्री व्हावी म्हणून पुन्हा ऐकलं. मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "पाचवी गेली. बाकी सगळं खणखणीत आहे."

आणि मित्रांनो, मला जरासुद्धा राग आला नाही. पाचवी गेली आहे, हे मी स्वतः चारचौघांत सांगतो. माझा दोष मला दाखवा, मी मान खाली घालीन; पण आधी मला ऐका.